अंतरपाट एकदाच बाजूला होतो: फोटोग्राफर कधी बोलवावा, मोबाइल कधी पुरे

या वेळच्या बहुतेक पत्रांत शंका एकच आहे. मोबाइलचे फोटो इतके चांगले येत असताना फोटोग्राफरला पैसे का द्यायचे? प्रत्येकाचं निमित्त वेगळं, म्हणून उत्तरंही वेगळी आहेत. काही ठिकाणी आम्ही खर्च करा म्हटलंय, काही ठिकाणी करू नका.

प्रश्न : मुलीचं लग्न मार्गशीर्षात, सांगलीच्या एका मंगल कार्यालयात आहे. हळद आणि लग्न मिळून दोन दिवसांचे फोटोग्राफरने ऐंशी हजार सांगितले. माझ्या भाच्याकडे यंदाच घेतलेला महागडा मोबाइल आहे आणि त्याला चांगली नजरही आहे. तो म्हणतो, "मामा, मी काढतो की सगळे." ऐंशी हजार वाचवावेत का?

भाच्याला नाही म्हणू नका, पण मुहूर्त त्याच्यावर सोपवू नका.

दोन्ही कॅमेऱ्यांच्या आतला फरक आधी पाहा. लग्नाचे फोटोग्राफर वापरतात त्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. बहुतेक महागड्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर ७० ते ७५ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. उजेड गोळा करायची जागाच अकरा-बारा पट कमी. अंगणात, दिवसा, हा फरक डोळ्याला जाणवत नाही, कारण उजेड मुबलक असतो. कार्यालयाच्या हॉलमध्ये तो लगेच उघडा पडतो.

मोबाइल ही कमतरता हिशेबाने भरून काढतो. कमी उजेडात तो एकच फोटो घेत नाही, एकामागोमाग बरेच घेतो आणि एकमेकांवर बसवून त्यांचा एक करतो. त्यात जे स्थिर असतं ते स्वच्छ येतं. जे हलतं ते पुसट होतं, नाहीतर गाळलं जातं. आता "शुभमंगल सावधान" डोळ्यांसमोर आणा. डोक्याच्या ८० सेंटिमीटर वरून पडणारा तांदळाचा दाणा डोक्याशी पोचेपर्यंत सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगात असतो. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात तो १३ सेंटिमीटर खाली येतो आणि फोटोत त्याची रेघ उमटते. पाचशेव्या भागाला तोच दाणा फक्त ८ मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतका. फ्लॅशचा झोत बहुतेक वेळा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे दाणा हवेत थांबल्यासारखा दिसतो. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे सतत जळणारा छोटा दिवा. तो हालचाल थांबवू शकत नाही आणि दीड-दोन मीटरच्या पुढे त्याचा उपयोगही होत नाही. कार्यालयातल्या मोबाइलच्या फोटोंत वधूवर नीट येतात आणि अक्षता मात्र गायब असतात, त्याचं कारण हे.

दुसरी अडचण अंतराची. मुहूर्ताला बोहल्याभोवती गुरुजी, मामा, करवल्या, आईवडील यांचं कडं असतं. फोटोग्राफर ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स लावून चार-पाच मीटरवरून दोन चेहरे टिपतो. मोबाइलवाल्याला तेवढ्यासाठी मध्येच घुसावं लागतं. झूम केलं तरी अंधाऱ्या जागी बरेच मोबाइल दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स बाजूला ठेवतात आणि मुख्य कॅमेऱ्याच्या फोटोचाच मधला तुकडा कापून मोठा करून देतात. पडद्यावर ते कळत नाही. अल्बमला गेल्यावर कळतं.

पोर्ट्रेट मोड हा तिसरा घोटाळा. मागचं धूसर कुठून करायचं हे मोबाइल अंदाजाने ठरवतो. मुंडावळ्यांच्या लोंबत्या सरी, गजऱ्यातून सुटलेली फुलं, नथीचा आकडा, कपाळावरचे मोकळे केस यांच्या कडा त्याला नीट सापडत नाहीत. गालावर आलेली मुंडावळी अर्धी दिसते आणि अर्धी मागच्या पडद्यात विरघळते. लग्नात हा मोड बंदच ठेवायला सांगा.

हे सगळं यंत्रांचं झालं. ऐंशी हजारांतला मोठा वाटा माणसांचा असतो. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण दीड-दोन सेकंदांचा. तेव्हा एकाने वराच्या खांद्यामागून वधूचा चेहरा धरायचा आणि दुसऱ्याने वधूच्या मागून वराचा. त्यासाठी मंगलाष्टकं सुरू होण्याआधीच दोघांनी जागा घेतलेल्या असाव्या लागतात. माणूस एकच असेल तर दोघांपैकी एकाचा चेहरा कायमचा हुकतो. म्हणून कोटेशन कमी करून घेताना दुसरा फोटोग्राफर कापू नका. ड्रोन, प्रीवेडिंग, एलईडी वॉल, टीझर यांतलं काय हवं ते कापा. अल्बमची शीट कमी करा: १२ बाय ३६ इंचांची चाळीस शीट घेण्यापेक्षा वीस घ्या आणि फोटो निवडून लावा. अल्बम बघणाऱ्यांनाही ते बरं पडतं.

पैसे ठरवण्याआधी इन्स्टाग्रामवरचे निवडक वीस फोटो पाहून भुलू नका. एका लग्नाचे सगळे फोटो दाखवायला सांगा, शक्यतो तुमच्याच कार्यालयातल्या किंवा तशाच अंधाऱ्या हॉलमधल्या लग्नाचे. पंगतीचे, होमाचे, म्हाताऱ्या माणसांचे फोटो बघा. धुरात कॅमेऱ्यावरून सरळ फ्लॅश मारला की धूरच उजळतो आणि चेहऱ्यांवर पांढरा पडदा येतो. जाणता माणूस लाइट स्टँडवर बाजूला नेतो, त्यामुळे धुराला आकार येतो आणि चेहरे स्वच्छ राहतात. एवढ्या एका गोष्टीवरून कामाची पातळी कळते. मग विचारा: कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी लिहिला जातो का? प्रत्यक्ष कोण येणार, तुम्ही की तुमचा सहायक? आजारी पडलात तर कोण? एडिट केलेले फोटो किती आणि कोणत्या तारखेला? डेटा किती महिने सांभाळणार? उत्तरं कागदावर घ्या.

एक काम फुकटात होतं आणि त्याने फोटो निम्म्याहून जास्त सुधारतात. डेकोरेटरला सांगा की मुहूर्ताच्या वेळी बोहल्यावर निळे-जांभळे लाइट नकोत, समोरून फक्त पांढरा किंवा पिवळसर उजेड हवा. रंगीत एलईडीत बाकीचे रंग जवळजवळ नसतातच. चेहरा जांभळा आला तर एडिटिंगमध्ये त्याला त्वचेचा रंग परत देता येत नाही, कारण तो फाइलमध्ये उतरलेलाच नसतो. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. वेगवान शटरला त्याचे आडवे काळे पट्टे फोटोत दिसतात. शटर १/१०० किंवा १/५० ला आणलं की पट्टे बहुतेक जातात. म्हणजे अक्षतांना हवं वेगवान शटर आणि लाइटला हवं सावकाश. हा पेच फोटोग्राफर स्वतःच्या फ्लॅशने सोडवतो. मोबाइलजवळ यावर इलाज नाही.

आता भाच्याचं काम. हळद घरी, सकाळी, गच्चीवर किंवा अंगणात सावलीत असेल तर ती पूर्ण त्याला द्या. तिथे मोबाइल कमी पडत नाही. दर पाच मिनिटांनी लेन्स पुसायला सांगा. हळदीच्या तेलकट बोटाचा एक ठसा लागला की पुढचे सगळे फोटो धुकट येतात. पिवळ्या मंडपाखाली बसवू नका. पिवळं कापड, पिवळे कपडे आणि हळद एकत्र आली की मोबाइल रंग सावरायला जातो आणि चेहरे निळसर फिके करतो. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर जिथे फिरकत नाही तिथे भाच्याला पाठवा: वधूच्या खोलीतली गडबड, आचारी, पंगतीतले उखाणे, झोपी गेलेली मुलं, पाठवणीआधी कोपऱ्यात बसलेली आत्या. पुढे घरात हेच फोटो सगळ्यांत जास्त पाहिले जातात. आणि अंतरपाटाच्या वेळी कुणी मोबाइल उंचावून पुढे येऊ नये, हे गुरुजींना किंवा माइकवाल्याला एकदा सांगायला लावा.

प्रश्न : मुलीच्या बारशाला पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला. त्याने आम्हाला न विचारता बाळाचे फोटो जाहिरातीसाठी सोशल मीडियावर टाकले. कॉपीराइट माझाच, असं म्हणतो. रॉ फाइलही देत नाही. — ठाणे

कॉपीराइटबाबत तो बहुधा चुकतोय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. शेवटचे शब्द महत्त्वाचे. बिलाच्या मागे बारीक अक्षरांत किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या अटींत "फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क आमच्याकडे" असं असेल आणि तुम्ही मान्य केलं असेल, तर बाजू बदलते. आधी ते तपासा. तसं काही नसेल तर फोटो काढून टाका, असं लेखी कळवा. पुढच्या वेळी ही ओळ आगाऊ रक्कम देण्याआधीच खोडून घ्या, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत.

रॉ फाइल न देण्यात मात्र फसवणूक नाही. रॉ म्हणजे सेन्सरने नोंदलेला कच्चा माल. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. त्या जादा पायऱ्यांच्या जोरावरच अंधारलेला चेहरा उजळता येतो. पण रॉ फाइल तशीच पाहिली तर फिकी आणि अपुरी दिसते. तुम्हाला मागायचं आहे ते हे: एडिट केलेले पूर्ण आकाराचे जेपेग, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकवर.

प्रश्न : येवल्यात आमचा पैठणीचा घरगुती व्यवसाय आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून विकतो. "फोटोत वेगळा रंग होता" म्हणून साड्या परत येतात. स्टुडिओत फोटो काढून घ्यावेत का? एकेका साडीला ते परवडेल का?

पैठणीचा फोटो अवघड का, हे कळलं तर अर्धं काम मोबाइलवरच होईल. एक म्हणजे जर. जरीची तार म्हणजे बारीक आरसा. तिच्यावर उजेड पडतो म्हणण्यापेक्षा समोर जे असेल ते तिच्यात दिसतं. समोर अंधारी खोली असेल तर जर काळपट येते, ट्यूबलाइट असेल तर मध्येच एक पांढरी रेघ चमकते आणि बाकीची मरते. स्टुडिओत समोर मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा लाइट, लावतात, कारण जरीला "बघायला" मोठा पांढरा पृष्ठभाग हवा. चमक मारण्यासाठी पोलरायझर फिल्टर घ्या, असा सल्ला कुणी दिला तर पैसे घालवू नका. लेन्सवरचा पोलरायझर काचेवरची किंवा पाण्यावरची चमक कमी करतो, धातूवरची नाही.

दुसरं म्हणजे धूपछाँव. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, म्हणून साडी हलली की रंग बदलतो. अशा साडीचा कोणताही एक फोटो अपुराच असतो आणि "वेगळा रंग" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. तिसरं, राणी आणि लाल रंग. मोबाइलमध्ये या रंगांत लाल चॅनेल, म्हणजे लाल रंग नोंदणारा भाग, आधी भरून जातो. भरला की त्यातला बारीक फरक संपतो, विणीचे धागे दिसेनासे होतात आणि रेशीम प्लास्टिकसारखं दिसतं. त्यावर मोबाइल स्वतःहून रंग आणखी भडक करतो.

रोजच्या विक्रीसाठी असं करा. उत्तरेकडची किंवा थेट ऊन न येणारी खिडकी निवडा. खोलीतले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकत्र आला तर अर्धी साडी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची येते, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. साडी खिडकीपासून साधारण एक मीटरवर ठेवा, उजेड तिरपा, ४५ अंशांतून येऊ द्या. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर उभी टांगा, म्हणजे जरीची दुसरी बाजूही उजळेल. मोबाइल स्टँडवर लावा, २एक्स निवडा आणि दीड मीटर मागे जा. फिल्टर बंद, फ्लॅश बंद. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या पदरावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. मग उजेडाची पट्टी खाली ओढा, जरीतले पांढरे ठिपके जाऊन तारा दिसू लागेपर्यंत.

पहिला फोटो साडीवर साधा पांढरा कागद ठेवून काढा. कागद अगदीच चकचकीत पांढरा नको, काहींना निळसर झाक असते. एडिटिंगमध्ये तो कागद ना निळा ना पिवळा दिसेल इतका रंग सरकवा आणि तोच बदल त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना लावा. दर तासाला कागदाचा नवा फोटो घ्या, कारण खिडकीतला उजेड बदलत जातो. ग्राहकाला तीन गोष्टी पाठवा: पूर्ण साडी, पदरावरचा मोर किंवा मुनिया जवळून, आणि खिडकीपाशी घडी हळूहळू फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. धूपछाँव फक्त त्या व्हिडिओत खरी दिसते. फोटो व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो लांब बाजूला सोळाशे पिक्सेलच्या आसपास दाबला जातो आणि नारळी काठाची टोकं बुजतात.

स्टुडिओचा खर्च करा तो वेबसाइटसाठी, छापील कॅटलॉगसाठी किंवा मोठ्या दुकानाला माल दाखवण्यासाठी. तिथेही साडीगणिक दर ठरवू नका. पूर्ण दिवसाचं काम द्या. वेळ जातो तो लाइट बसवण्यात. एकदा बसले की साड्या बदलायच्या आणि फोटो घ्यायचे. एकाच बैठकीत सगळा साठा उरकेल अशा बेताने साड्या आधी इस्त्री करून, क्रमांक लावून ठेवा. फोटोग्राफर रंग जुळवण्याचं २४ चौकोनांचं कलर चेकर कार्ड वापरतो का, हे विचारा. नसेल वापरत, तर रंग तो डोळ्यांनी जुळवणार, आणि मग तुमची तक्रार जिथल्या तिथे. फाइल एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपटात मागा. दुसऱ्या रंगपटातल्या फाइल काही पडद्यांवर फिक्या किंवा वेगळ्याच दिसतात. वांगी रंगाची साडी मात्र स्टुडिओतही छापील नमुना हातात घेऊन, साडीशेजारी धरून तपासा.

प्रश्न : वडील गेल्या महिन्यात गेले. भिंतीवर लावायला १२ बाय १८ इंचांची फ्रेम करायची आहे. नातेवाइकाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत ते छान हसताहेत, पण लॅबवाला म्हणतो चेहरा फाटेल. एआयने चेहरा साफ करून घ्यावा का? आईचाही धड एक फोटो नाही. — रत्नागिरी

लॅबवाल्याचं बरोबर आहे. आठ माणसं शेजारी शेजारी उभी असलेला फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असेल तर त्याची रुंदी १६०० पिक्सेलच्या घरात असते. एकेकाच्या वाट्याला २०० पिक्सेल, आणि चेहरा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा, म्हणजे सुमारे ६५ पिक्सेल. १२ बाय १८ मध्ये चेहरा साडेतीन-चार इंचांचा होईल. इंचाला वीस पिक्सेलही मिळणार नाहीत, आणि हाताच्या अंतरावरून पाहायच्या फोटोला निदान दोनशे लागतात.

आधी मूळ फाइल शोधा. ज्याच्या मोबाइलवर फोटो काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. मूळ फोटो चार हजार पिक्सेल रुंद असेल तर चेहऱ्याला १७० मिळतील. लग्नात फोटोग्राफर असणारच. त्याच्या हार्ड डिस्कवर वडील एकटे किंवा दोघांत असलेला फोटो मिळण्याची शक्यता जास्त, तेव्हा त्याला तारीख सांगून विचारा. आणि वडिलांचा पासपोर्ट साइज फोटो शोधा. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरच्या त्या फोटोत चेहरा जवळजवळ एक इंच रुंद असतो, म्हणजे लॅबच्या नेहमीच्या छपाईत सुमारे ३०० पिक्सेल. ग्रुप फोटोपेक्षा हा बराच सरस. तो ज्या स्टुडिओत काढला तिथे मूळ फाइल असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर फोटो १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा. मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, कागदाची चमक आणि तिरकेपणा दोन्ही येतात.

एआयबद्दल स्पष्ट सांगतो. ६५ पिक्सेलमध्ये नसलेली पापणी, दात, सुरकुती तो कुठून आणणार? तो हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधून नवे डोळे बसवतो. चेहरा देखणा होतो, पण तुमचे वडील थोडे कमी होतात. मूळ फोटोच मोठा असेल तर दाणेदारपणा (नॉइज) कमी करणं, डाग काढणं, पार्श्वभूमी बदलणं इतपत ठीक. लॅबला लेखी सांगा की चेहऱ्याला हात लावू नका, आणि फ्रेम करण्याआधी साधी प्रिंट आईला दाखवा.

फ्रेम मोठी हवी तर एक सोपा मार्ग आहे. फोटो ५ बाय ७ चाच मॅट कागदावर छापा आणि भोवती रुंद पांढरं माउंट (पुठ्ठ्याची चौकट) लावून १२ बाय १५ ची फ्रेम करा. भिंतीवर भारदस्त दिसते आणि चेहरा फाटत नाही. काच आणि फोटो यांच्यात माउंटची जाडी राहते, त्यामुळे कोकणातल्या दमट हवेत फोटो काचेला चिकटतही नाही.

आईसाठी स्टुडिओत जा, किंवा फोटोग्राफरला तासाभरासाठी घरी बोलवा. त्या वयात स्टुडिओतल्या स्टुलावर अवघडल्यासारखं होतं, घरच्या खुर्चीत चेहरा सैल राहतो. तेही जमत नसेल तर खिडकीपासून एक मीटरवर खुर्ची, चेहरा थोडा खिडकीकडे, मोबाइल २एक्सला आणि दोन मीटरवर. जवळ जाऊन काढलात तर नाक मोठं आणि कान लहान येतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर जरा उचला, काचा खाली कलतात आणि चमक जाते.

प्रश्न : मुलगी शिकायला अमेरिकेला जाणार आहे. व्हिसाचा फोटो मोबाइलवर घरी काढला तर चालेल का? — नागपूर

काढणाऱ्याला नियम पाळता आले तर चालतो. अमेरिकेचा फोटो चौकोनी, २ बाय २ इंच. हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत २५ ते ३५ मिलिमीटर. पार्श्वभूमी पांढरी, चष्मा अजिबात नको, फोटो सहा महिन्यांपेक्षा जुना नको. अपलोड करायची फाइल जेपेग, ६०० ते १२०० पिक्सेलची चौकोनी, २४० केबीच्या आत. ब्यूटी मोड बंद आहे ना, हे दोनदा तपासा. बऱ्याच मोबाइलवर तो आपोआप चालू असतो आणि त्वचा गुळगुळीत करतो, तेवढ्यावर फोटो नाकारला जाऊ शकतो. भिंतीपासून मीटरभर पुढे उभं करा, नाहीतर मागे सावली पडते. माणूस कापून मागे पांढरी पार्श्वभूमी लावू नका, केसांच्या कडेला ते कळतं. इतकं करण्यापेक्षा व्हिसाचे फोटो नेहमी काढणारा स्टुडिओ गाठा. खर्च किरकोळ आहे आणि फॉर्म अडकला तर जाणारा वेळ महाग पडतो. पण जाताना मापं लिहून न्या. सवयीने ३.५ बाय ४.५ काढून देणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : आजीच्या अमृतमहोत्सवाला घरातली ४२ माणसं जमणार आहेत. एकच फोटो हवा, पण सगळ्यांचा. मोबाइलने जमेल? — सोलापूर

सकाळी, सावलीत, मोकळ्या जागेत असेल तर जमेल. संध्याकाळी हॉलमध्ये असेल तर फोटोग्राफर बोलवा. कारण कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो: पुढची रांग ३ मीटरवर आणि मागची ६ वर असेल तर मागच्यांना चौथा हिस्साच मिळतो. पुढे पांढरे चेहरे, मागे काळे. फोटोग्राफर दोन बाजूंना उंच स्टँडवर लाइट लावून हा फरक मोडतो.

सकाळचं नियोजन असं. इमारतीची सावली अंगणात असेल ती वेळ धरा, कुणाच्याही चेहऱ्यावर ऊन नको. सहा मुलं सतरंजीवर, दहा वडीलधारी खुर्च्यांवर, चौदा जण मागे उभे, बारा जण त्यांच्या मागे बाकावर. मधली रांग सहा-साडेसहा मीटर रुंद होईल. मोबाइल २एक्सला ठेवून दहा मीटर मागे जा. तेवढी जागा नसेल तर १एक्स, पण दोन्ही कडांना जागा सोडा. ०.५ चा वाइड मोड वापरू नका, कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात आणि ती माणसं कायमची नाराज होतात. मोबाइल स्टँडवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला.

मिटलेल्या डोळ्यांचं गणितही झालेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या दोघांनी ते मांडलं आणि २००६ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. वीस जणांपर्यंत, चांगल्या उजेडात, माणसांची संख्या भागिले तीन इतके फोटो काढा. उजेड कमी असेल तर भागिले दोन. ४२ जणांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटणारच, म्हणून स्टँड न हलवता पंधरा-वीस फोटो घ्या. कॅमेरा जागचा हलला नसेल तर एका फोटोतला उघडा डोळा दुसऱ्यात बसवणं लॅबला दहा मिनिटांचं काम आहे. हलला असेल तर तासभर जाईल आणि तरी जोड दिसेल.

आधी उंच माणसं उभी करा, मग मुलं बसवा. मधली खुर्ची रिकामी ठेवा आणि आजीला सगळ्यांत शेवटी बोलवा, म्हणजे त्यांना ताटकळावं लागणार नाही. त्या येऊन बसेपर्यंतचे फोटोही काढत राहा.